कच्च्या लिंबाची बाजू

संगीत खुर्ची या खेळावर माझा राग आहे. साधासुधा नव्हे. काउंटर बंद व्हायला दोन मिनिटं उरलेली असताना फाटक्या दहाच्या नोटांची पिशवी घेऊन येणाऱ्या खातेदारावर असतो, त्या प्रतीचा. लोकांना वाटतं, ह्या माणसाला लहानपणी कधीतरी खुर्ची मिळाली नसेल, म्हणून हा अजून जळफळतोय. तसं काही नाही. मला खुर्ची मिळालेली आहे. गेली बावीस वर्षं मी बँकेत तिच्यावरच बसून आहे आणि तिचा डावा हात ढिला आहे. प्रश्न माझा नाहीच. प्रश्न चार वर्षांच्या पोरांचा आहे.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. मला नवकविता कळत नाही, पण बेरीज कळते. तेव्हा या खेळाचा एकदा रीतसर ताळेबंद मांडू. दहा मुलं, नऊ खुर्च्या. दर फेरीला एक मूल बाद, एक खुर्ची कमी. नऊ फेऱ्यांत निकाल. दहाही मुलं नवाच्या नऊ फेऱ्या खेळली असती तर एकूण झाल्या असत्या ९०. प्रत्यक्षात होतात किती? दहा अधिक नऊ अधिक आठ असं करत दोनपर्यंत उतरा. उत्तर ५४. उरलेल्या ३६ फेऱ्या भिंतीला टेकून, तोंडात बोट घालून, दुसऱ्यांची मजा बघत काढलेल्या! म्हणजे ४० टक्के भांडवल पडून. आमच्या शाखेत असं झालं तर झोनल ऑफिसातून माणूस येतो.

बरं, आधी बाद होतं कोण? जे सगळ्यांत लहान आहे ते. ज्याच्या कोपरात जोर नाही ते. जे नव्या शेजारातून आलंय आणि कुणाला ओळखत नाही ते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, जे खरोखरच गाणं ऐकत होतं ते! खेळ मांडला कशासाठी? मुलांनी पळावं, घाम गाळावा, एकमेकांत मिसळावं म्हणून. मग ज्याला पळण्याची आणि मिसळण्याची गरज सर्वांत जास्त, त्यालाच पहिल्या मिनिटाला बाहेर काढायचं, हे म्हणजे ज्याला पैशांची निकड आहे त्याला सोडून बाकीच्यांना कर्जं वाटण्यासारखं झालं. (ही पद्धत कुठे कुठे चालू आहे ते मी इथे लिहिणार नाही. मला पेन्शन घ्यायचंय.)

तुम्ही म्हणाल, एका खेळावर एवढं काय चिडायचं? पण हल्ली घरात मुलं जमली की खेळ म्हणून दुसरं काही निघतच नाही हो! वाढदिवसाला एक भाड्याचा तरुण आणतात. त्याच्या हातात माईक असतो. खोली बारा बाय दहा, पोरं चौदा, आणि हा जणू शिवाजी पार्कवर सभा घेतोय अशा आवाजात "बच्चा पार्टीऽऽ, आर यू रेडीऽऽ?" म्हणून ओरडतो. मुलं रेडीच असतात. चार वर्षांचं मूल जन्मतःच रेडी असतं. मग खुर्च्या मांडतात. बाद झालेल्या पोरांना एक एक चॉकलेट देऊन सोफ्यावर बसवतात, आणि ती रडू नयेत म्हणून कुणीतरी हातात मोबाईल देतं. वीस मिनिटांनंतरचं दृश्य असं: मध्ये दोन मोठी मुलं एका खुर्चीभोवती चित्त्यासारखी फिरताहेत आणि सोफ्यावर बारा पोरं एका पडद्यात डोकी घालून बसली आहेत. शेवटी यजमानांचा नऊ वर्षांचा उंचनिंच भाचा जिंकतो. त्याला डबा बक्षीस. त्याच्याकडे असे पाच डबे आधीच आहेत.

माझं म्हणणं असं आहे की लहान मुलांच्या खेळातून 'आऊट' हा शब्दच काढून टाका. आणि ही काही परदेशातून आणलेली थोर कल्पना नव्हे. आपल्याकडच्या पोरांनी, कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाला न विचारता, ती फार पूर्वीच अमलात आणली होती. तिचं नाव कच्चा लिंबू.

वाचकांपैकी जे स्वतः कधी कच्चा लिंबू होते, त्यांना हे समजावून सांगायला नको. ज्यांना धाकटं भावंड नव्हतं त्यांच्यासाठी खुलासा करतो. आई ओरडून सांगते, "धाकट्यालाही घ्या रे!" धाकट्याचं वय साडेतीन. त्याला घेतलं तर खेळ बिघडतो, न घेतलं तर घरी मार बसतो. यावर तोडगा म्हणजे कच्चा लिंबू. तो सगळीकडे पळणार, सगळ्यांबरोबर लपणार, पकडला गेला की टाळ्याही वाजवणार. पण त्याच्यावर राज्य येणार नाही आणि तो कधी बाद होणार नाही. बँकेच्या भाषेत हे अज्ञान मुलाच्या खात्यासारखं. अ. पा. क. म्हणून कुणीतरी मोठं माणूस सही करतं, पण खातं त्याच्याच नावावर! व्यवहार सगळे, जबाबदारी नाही. आणि गंमत म्हणजे एक-दोन वर्षांत तो स्वतःच येऊन सांगतो, "मी आता कच्चा नाही. माझ्यावर राज्य द्या." खातं आपोआप सज्ञान होतं. फॉर्म नाही, फोटो नाही, केवायसी नाही.

'राज्य' हा शब्दही बघण्यासारखा आहे. मोठी माणसं राज्य गेलं की रडतात. मुलं राज्य आलं की रडतात. दोहोंत शहाणं कोण, हे मी तुमच्यावर सोपवतो.

आमच्या जुन्या खेळांची रचनाच बघा ना. आंधळी कोशिंबिरीत कुणी बाद होत नाही. सापडला त्याच्या डोळ्यांवर रुमाल जातो, एवढंच. म्हणजे देणं एकाकडून दुसऱ्याकडे वर्ग झालं, खातं बंद झालं नाही. विषामृतात ज्याला 'विष' मिळालं तो जागच्या जागी थिजतो, पण त्याचा गडी धावत येऊन 'अमृत' देतो की तो पुन्हा मोकळा. म्हणजे दुसऱ्याला सोडवायला जाणं हाच खेळ! साखळीत तर जो पकडला जातो तोच पकडणाऱ्याचा हात धरून पुढे पळतो. जितकी माणसं पकडली जातील तितकी साखळी मोठी. या खेळात हरलेल्याला बसायला जागाच नसते. असले खेळ ज्यांनी शोधले त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. नोंदलेली असती तर आपण त्यांचे पुतळे उभारले असते आणि पुतळ्याभोवती कुंपण घालून 'आत खेळू नये' अशी पाटी लावली असती.

आता तुम्ही विचाराल, हे सगळे मैदानातले खेळ, घराचं काय? इथेच खरी मेख आहे. मैदान कुठे आहे? मी राहतो डोंबिवलीत. आमच्या इमारतीच्या आवारात पूर्वी पोरं पळत असत असं जुने रहिवासी सांगतात. आता तिथे गाड्या आहेत. रात्री गाड्या उभ्या असतात, दिवसा त्यांच्यासाठी राखलेल्या जागा उभ्या असतात. त्यातून जून ते सप्टेंबर पाऊस, मार्चपासून ऊन. उरलेल्या दिवसांत शाळा. तेव्हा मुलानं अंग हलवायचं म्हटलं तर घराशिवाय गत्यंतर नाही.

आणि अंग हलवायचं म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसाकाठी निदान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली किमान ६० मिनिटं चांगली धाप लागेल अशी असावी, आणि पडद्यासमोर बसणं एक तासाच्या वर जाऊ नये. १८० मिनिटं म्हणजे तीन तास, महाराज! बँकेत आमचा संपूर्ण स्टाफ मिळून आठवड्यात तेवढा हलत नाही. आता हे तीन तास त्या पोरानं काढायचे कुठे? हॉलमध्ये सोफा, सोफ्यासमोर काचेचा टीपॉय, टीपॉयसमोर टीव्ही, कोपऱ्यात कुणी न वापरलेली व्यायामाची सायकल, आणि शोकेसमध्ये काचेचे हंस. हॉल पाहुण्यांसाठी, बेडरूम झोपण्यासाठी, स्वयंपाकघर आईसाठी, बाल्कनी वाळत घातलेल्या कपड्यांसाठी. मुलासाठी राहतो तो मोबाईल. त्याला जागा लागत नाही. आणि मग आपणच चारचौघांत तक्रार करतो, "आमचा बंटी ना, मोबाईल सोडतच नाही!" अहो, तो काय करील? तेवढीच एक जागा तुम्ही त्याला मोकळी ठेवलीत.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. "घरात धिंगाणा घालणं आपल्या संस्कृतीत बसत नाही." हे ऐकलं की मला मंगळागौर आठवते. श्रावणात, बाहेर पाऊस कोसळत असताना, आपल्या आज्या-पणज्या माजघरात रात्रभर काय ध्यानधारणा करत होत्या? फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, गाठोडं! नऊवारी सावरून, बांगड्यांचा खणखणाट करत, पहाटेपर्यंत. घरातल्या घरात, सगळ्या वयाच्या बायकांनी एकत्र खेळायच्या दमदार खेळांचा एवढा मोठा साठा ज्या संस्कृतीकडे आहे, तिच्या नावावर चार पोरांना गप्प बसवणं म्हणजे शुद्ध खोटी सही. आता मंगळागौर हॉल भाड्याने घेऊन, एकसारख्या साड्या नेसून, शिट्टीच्या तालावर होते आणि तिला तिकीट असतं, तो भाग निराळा.

शिक्षणाचा मुद्दा काढाल, तर तोही माझ्याच बाजूचा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी आणि खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. पुढे कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येऊ शकत नाही ना, मग शाळा जाईल कुरणात, इतका सरळ हिशेब! त्याच चालीवर मी म्हणतो, मूल अंगणात जाऊ शकत नाही ना, मग अंगण आणा हॉलमध्ये. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं असंच सांगतं. पण धोरण वाचून आमच्या परिचितांनी काय केलं? पोराला क्लासला घातलं. 'मोटर स्किल डेव्हलपमेंट'चा क्लास. महिन्याची फी ऐकून मला प्रथम वाटलं, गाडी शिकवतात. तिथे मुलाला काय करायला लावतात? उशीवर उडी मारायला, चादरीखालून रांगायला आणि फुगा उडवायला. उशी, चादर आणि फुगा! या तीनही वस्तू त्यांच्या घरी आहेत, आणि त्यांना हात लावला म्हणून मूल घरी ओरडा खातं.

आता मी नुसता टीका करणारा माणूस नाही. आमच्या घरी गेली काही वर्षं रविवारी दुपारनंतर इमारतीतली आठ-दहा पोरं जमतात. वयं साडेतीन ते नऊ. हॉलचं क्षेत्रफळ बारा बाय अकरा, म्हणजे १३२ चौरस फूट, त्यातून सोफा वजा. माझी बायको आणि मी टीपॉय उचलून बेडरूममध्ये नेतो. काचेचे हंस आमच्याकडे नाहीत. होते, ते आम्ही एका लग्नात देऊन टाकले. पंखा बंद करायचा, दारांना आकडे लावायचे म्हणजे बोटं चेमटत नाहीत, लादीवर पाणी सांडलेलं नाही ना ते बघायचं, आणि जमिनीवर सतरंजी व तिच्यावर दोन गोधड्या. भांडवली खर्च शून्य.

सर्वांत चालणारा खेळ म्हणजे रद्दीचे चेंडू. मधोमध ओढणी बांधायची, दोन बाजूंना निम्मी निम्मी मुलं, आणि जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे करून पलीकडे फेकायचे. पलीकडून आलेले उचलून परत फेकायचे. थाळी वाजली की थांबायचं. ज्यांच्या बाजूला कचरा कमी ते जिंकले. पण कोण जिंकलं हे आजवर ठरलेलं नाही, कारण थाळी वाजल्यावरही सगळे दोन-दोन बोळे फेकतातच! साडेतीन वर्षांचं पोर आणि नऊ वर्षांचा दांडगट इथे सारखेच, कारण कागदाचा बोळा जोरात मारला तरी लागत नाही आणि हळू मारला तरी ओढणीपलीकडे जातो. वीस मिनिटांत अख्खी खोली घामाघूम. अग्रलेखांचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिला नाही.

दुसरा खेळ चादरीचा. सगळ्यांनी चादरीच्या कडा धरायच्या आणि मध्ये फुगा ठेवून तो उडवायचा. खाली पडू द्यायचा नाही. याच्यात कुणाला एकट्याला काहीच करता येत नाही. एक बाजू वर गेली तर दुसरीने खाली यावं लागतं. आमच्या युनियनमध्ये हा खेळ सक्तीचा करावा असं माझं फार दिवसांचं मत आहे. फुगा घ्यायचा कारण तो सावकाश खाली येतो. लहान पोराला विचार करायला वेळ मिळतो. चेंडू तेवढा दम धरत नाही.

'शिवाजी म्हणतो' हा खेळही आम्ही दुरुस्त करून घेतला. मूळ खेळात, 'शिवाजी म्हणतो' असं न म्हणता दिलेला हुकूम पाळला की बाद. म्हणजे पुन्हा धाकटी भिंतीला टेकून! आम्ही दोन गट करतो. चुकला तो बाद होत नाही, समोरच्या गटात जातो. तिकडे टाळ्या वाजवून स्वागत. अर्ध्या तासात प्रत्येक जण दोन्हीकडे तीन-तीनदा जाऊन आलेला असतो आणि आपण मुळात कुठल्या गटातले हे कुणालाच आठवत नाही. (राजकारणाशी तुलना वाचकांनी आपापली करून घ्यावी.) आणि संगीत खुर्ची? तीही आम्ही खेळतो! फक्त खुर्ची काढायची, मूल नाही काढायचं. गाणं थांबलं की उरलेल्या जागेत सगळ्यांनी मावायचं. आमच्याकडे खुर्च्यांऐवजी वर्तमानपत्राची पानं असतात. दहा मुलांना शेवटी तीन पानं उरतात, मग दोन. मोठी मुलं लहानांना कडेवर घेतात, कुणी एका पायावर उभं राहतं, कुणी दुसऱ्याच्या कंबरेला मिठी मारतं. ज्या नऊ वर्षांच्या भाच्यानं बाहेर कोपर मारून पाच डबे मिळवले, तोच इथे ओरडत असतो, "अरे थांबा, ती पडेल!" पोरगा तोच. नियम बदलला.

आवाजाचं म्हणाल, तर तो आक्षेप मी पूर्णपणे उडवून लावत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. त्यांचं बायपास झालेलं आहे आणि ते दोन ते चार झोपतात. त्यांचा झोपेचा हक्क मला मान्य आहे. एकाच स्लॅबची एक बाजू आमची जमीन आणि दुसरी त्यांचं छत, हे अभियंत्यांनी करून ठेवलंय, त्याला ते आणि आम्ही काय करणार? म्हणून खेळ चारनंतर. आणि त्यातूनही त्यांना बरं नसेल त्या दिवशी किल्ल्यांचा खेळ. एक मूल मध्ये डोळे बांधून बसतं, पुढ्यात किल्ल्यांचा जुडगा. बाकीच्यांनी चवड्यांवर, मांजराच्या पावलांनी येऊन तो पळवायचा. आवाज आला की बसलेल्यानं त्या दिशेला बोट दाखवायचं, की त्यानं पुन्हा भिंतीपासून सुरुवात करायची. दहा पोरं श्वास रोखून चवड्यांवर चालताहेत आणि खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल! चवड्यांवर पंधरा मिनिटं चालून बघा म्हणजे व्यायाम कशाला म्हणतात ते कळेल. माझ्या पोटऱ्या तीन दिवस दुखत होत्या. ज्या लहानग्याला डोळे बांधायची भीती वाटते त्याला बांधू नये. त्यानं नुसते मिटावेत. तो चोरून बघतो. बघू दे. कच्चा लिंबू आहे.

गेल्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावर करीमनगरकडचं एक कुटुंब राहायला आलं. घरात तेलुगू. त्यांची मुलगी चार वर्षांची. पहिले तीन रविवार ती दारातच, आईचा पदर धरून उभी. तिला मराठी येत नव्हतं, आमच्या पोरांना तेलुगू येत नव्हतं, आणि तिच्याशी हिंदीत बोललं की ती आणखीच आईच्या मागे जायची. आम्ही तिला 'ये ना, ये ना' केलं नाही. चौथ्या रविवारी साखळी चालली होती. साखळी वाढत वाढत दारापर्यंत आली आणि शेवटच्या पोराचा मोकळा हात तिच्यासमोर गेला. तिनं तो धरला. बस्स, एवढंच झालं. पदर सुटला. संगीत खुर्ची असती तर तिला आधी नियम समजावून सांगावे लागले असते आणि मग पहिल्याच फेरीत बाहेर काढावं लागलं असतं. दोन आठवड्यांनी तिनं पहिला मराठी शब्द उच्चारला. 'आई' नव्हे, 'पाणी' नव्हे. मूठ वळून, अंगठा वर करून ती म्हणाली, "टाइमप्लीज!" हा शब्द मराठी आहे. त्यावर कुणी वाद घालू नये.

अशा सुरळीत चाललेल्या कारभारात सोसायटीची नोटीस आली. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, काही सदनिकांमध्ये मुले जमवून उड्या मारणे, पळणे इत्यादी प्रकार होत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रकार त्वरित बंद करावेत.' 'काही सदनिका' म्हणजे मी. 'निदर्शनास' आणणारे आजोबा नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. ते तर किल्ल्यांच्या खेळाला दोनदा वर येऊन गेले. तक्रार होती तिसऱ्या विंगमधल्या एका गृहस्थांची. त्यांच्या घरात आमचा आवाज पोचायला आधी तो दोन जिने उतरून, आवार ओलांडून, लिफ्टने वर जावा लागतो.

मी तो विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत काढला. विषयपत्रिकेवर तो आठवा होता. सातवा विषय पाण्याच्या टाकीचा, त्यात दोन तास गेले. आठव्यापर्यंत निम्मे सभासद समोसा खाऊन घरी गेलेले. मी उभा राहून सांगितलं की संयुक्त राष्ट्रसंघानं १९८९ साली बालहक्कांचा करार संमत केला, त्याच्या ३१व्या कलमात मुलाचा खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणि १९९२ साली भारतानं तो करार मान्य केला आहे. चेअरमन शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे आपल्या उपविधींत आहे का?"

मी म्हटलं, उपविधींत श्वास घेण्याचंही कलम नाही. यावर थोडा गोंधळ झाला. एक काकू म्हणाल्या, पोरं पडली, लागलं, तर जबाबदार कोण? मी विचारलं, पोरं खेळलीच नाहीत आणि धड पळताच न येणारी मोठी माणसं झाली, तर जबाबदार कोण? त्यावर तिसऱ्या विंगमधले गृहस्थ म्हणाले की त्यांच्या मुलाला असल्या खेळांची सवयच नाही, तो अगदी शहाण्यासारखा एका जागी बसतो. हे ते कौतुकानं सांगत होते. तो मुलगा त्यांच्या शेजारीच बसला होता. वय पाच. तो खरंच एका जागी बसला होता. पण टेबलाखाली त्याचे दोन्ही पाय सारखे हलत होते.

शेवटी नेहमीप्रमाणे ठराव झाला. तळमजल्यावरची सोसायटीच्या ऑफिसची खोली दर रविवारी चार ते सहा मुलांना 'प्रायोगिक तत्त्वावर' द्यावी. अटी अकरा. मुलांची यादी द्यावी, पालकांच्या सह्या घ्याव्यात, जुन्या फायलींना हात लावू नये, आणि दोन हजार रुपये अनामत ठेवावी. अनामतीवर व्याज किती, हे मी विचारलं. बावीस वर्षांची सवय. नोटीस मात्र मागे घेतली नाही. ती 'तूर्त प्रलंबित' आहे. आमच्या बँकेत काही प्रकरणं माझ्या आधीपासून तूर्त प्रलंबित आहेत, त्यामुळे मला त्याची काळजी नाही.

खोलीची किल्ली आधीच्या सेक्रेटरींकडे आहे आणि ते मुलीकडे कॅनडाला गेले आहेत. ते परत येईपर्यंत पूर्वीसारखंच आमच्याकडे, रविवारी चार वाजता. तिसऱ्या विंगमधल्या त्या मुलाच्या आईनं काल जिन्यात माझ्या बायकोला गाठून हळूच विचारलं, की कितीपर्यंत चालतं, आणि येताना काय पाठवू? रद्दी पाठवा म्हणावं. रविवारच्या पुरवण्या असतील तर बऱ्या, त्यांचा कागद जाड असतो.